अर्ध्या तासाचं उद्यापन

दुपारी अर्धा तास आडवं पडता यावं, म्हणून मी एकशे ऐंशी माणसांना जेवू घातलं आहे. वडे, कढी, भात, दोन भाज्या आणि बुंदी. आडवी मात्र अजून पडायचीच आहे.

हे कसं झालं ते सांगते. लोक ऐकतात आणि हसतात, तुम्हीही हसा. मीही हसले असते, पण हसायला तोंड उघडलं की आधी जांभई येते.

मी राहते मुर्रीला. गोंदिया इतकं जवळ, की रेल्वेची शिट्टी स्वयंपाकघरात ऐकू येते. आणि इतकं लांब, की तिथली एकही सोय आमच्या गल्लीपर्यंत पोचत नाही. घरात आम्ही तिघं : मी, नवरा आणि सासूबाई. मुलगी नागपूरला शिकते. शिवाय पाच एकर धान, दोन म्हशी आणि ब्लाऊज शिवायची एक मशीन. यांतला प्रत्येक जण दिवसातून दोन-तीनदा माझ्या नावानं ओरडतो. (मशीन ओरडत नाही, पण तिच्या वतीनं ओरडणाऱ्या बायका दाराशी उभ्या असतात.)

आमच्या घरात बाईमाणसानं दिवसा आडवं पडायचं नाही, असा काही नियम नाही. नियम असता तर मोडता तरी आला असता! दिवसा आडवी पडलेली बाई एकतर आजारी असते, नाहीतर रुसलेली. आजारी असेल तर तिला काढा मिळतो. रुसलेली असेल तर तिच्या माहेरी फोन जातो. नुसतीच थकलेली, असा तिसरा प्रकार आमच्याकडे अजून निघालेला नाही.

गेल्या हिवाळ्यात मळणी आटोपली आणि गावच्या समाजमंदिरात सकाळी सहाचा योगवर्ग सुरू झाला. मी नाव घातलं. का, ते लपवत नाही. आमच्या शेजारच्या शेवंताकाकू आदल्याच दिवशी जाऊन आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "वनिता, आखरीले शवासन राहते वो. सारे जन लंबे होऊन पडून राहतात, अन कोनी काई म्हनत नाही." मी दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच चटई टाकून तयार!

शिकवायला गोंदियाहून रश्मी मॅडम यायच्या. शांत बाई. त्यांचा आवाज ऐकला की म्हैससुद्धा पान्हा सोडेल. मॅडम हिंदीत बोलायच्या आणि आम्ही आमच्या बोलीत, पण गोंदियाकडे त्यानं कुणाचं काही अडत नाही. आठवडाभर हातपाय वळवून झाल्यावर त्यांनी संकल्प हा विषय काढला.

"देखिए, इच्छा बाहर देखती है, संकल्प अंदर देखता है," मॅडम म्हणाल्या. "मुझे ये चाहिए, वो चाहिए, ये संकल्प नहीं. मैं असल में कौन हूँ, किस तरफ जाना है, वो अपने आप को याद दिलाना, ये संकल्प."

मग त्यांनी समजावलं, की योगनिद्रेत मन चिखलणी झालेल्या धानाच्या बांधीसारखं मऊ होतं. त्यात एक छोटंसं वाक्य रोवायचं. रोज तेच वाक्य, तीन वेळा, मनातल्या मनात. हळूहळू ते मूळ धरतं आणि माणूस आतून बदलतो. मला हे लगेच पटलं. रोवणी आयुष्यभर केलेली, त्यामुळे चिखल आणि रोप यांच्यापुरतं अध्यात्म मला समजतं.

"और एक बात," मॅडमनी बोट वर केलं. "संकल्प किसी को बताना नहीं. पति को भी नहीं."

"पतीले कोन सांगते!" शेवंताकाकू म्हणाल्या.

आम्ही डोळे मिटले. मॅडम हळू आवाजात सांगत होत्या, "शरीर ढीला... साँस ढीली... सोना नहीं है, जागते रहना है..." आणि दुसऱ्या रांगेतून घोरण्याचा आवाज आला. ते घोरणं माझं होतं, हे मला वर्ग सुटल्यावर सात बायकांनी वेगवेगळं येऊन सांगितलं.

आता संकल्प काय करावा? इतर बायकांच्या चेहऱ्यांवरून वाटत होतं, की कुणी क्रोध सोडला, कुणी मोह सोडला, एकीनं तर पुनर्जन्मच सोडला असावा. मी दोन दिवस प्रामाणिकपणे आत बघितलं. मॅडम म्हणाल्या होत्या ना, मी असल में कौन हूँ! आत बघितलं तर एकच गोष्ट दिसली. मी असल में थकलेली हूँ. तेव्हा मी वाक्य ठरवलं, 'मी रोज दुपारी तीन वाजता अर्धा तास शांत पडून राहते.' फार उंचीचा संकल्प नाही, मला मान्य आहे. पण ज्या बाईची पाठ पहाटेपासून जमिनीला लागलेली नाही, तिनं कुंडलिनी जागी करून काय करायचं? एक जण जागं आहे ते पुरे नाही का?

आणि हा संकल्प मी मनापासून केला. गंमत म्हणून नाही. त्या अर्ध्या तासावर माझा जीव जडला होता. भांडी घासताना, शेण काढताना, हुक लावताना मी त्याचाच विचार करायची.

पहिल्या दिवशी बरोबर तीनला मी मधल्या खोलीत चटई टाकली आणि शवासनात पडले. पाय सैल, तळहात वर, डोळे बंद. सासूबाई मागच्या अंगणात तांदूळ निवडत होत्या, नवरा उन्हाळी धानाच्या बांधीवर गेला होता. दोन मिनिटं गेली. काय सांगू तुम्हाला! छातीवरून धानाचं पोतं उतरवल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या मिनिटाला सासूबाई पाणी प्यायला आत आल्या.

"अरे बापा रे!" घरभर किंकाळी घुमली. "वनिता गेली वो! वनिता गेली!"

आता माझी चूक बघा. मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण मॅडमनी सांगितलं होतं, की बाहेर काहीही आवाज झाला तरी हलायचं नाही, साक्षीभावानं ऐकत राहायचं. माझा पहिलाच दिवस, उगाच मोडायचा कशाला? मी साक्षीभावानं ऐकत राहिले. चपला वाजल्या. शेवंताकाकू आल्या. आणखी दोन-तीन जणी आल्या. कुणीतरी माझ्या ओठांवर पाण्याचे थेंब सोडले. ते काकूंच्या देवघरातलं गंगाजल होतं.

"दक्षिनेकडे पाय हायत वो," एक जण कुजबुजली.

"आत्ता सकाळी तं धडधाकट होती," काकूंनी हुंदका दिला. "बाई मनानं चांगली होती. ब्लाऊज वेळेवर देत नव्हती, पन मनानं चांगली होती."

"कोनता ब्लाऊज वेळेवर नाही देल्ला?" मी उठून बसले.

पुढची पाच मिनिटं काय झालं ते विचारू नका. एक बाई उंबऱ्यात अडखळून पडली. नवरा बांधीवरून धावत आला तो चिखलाच्या पायांनीच, आणि मला बसलेली बघून त्याच्या चेहऱ्यावर आनंद, राग आणि पाय धुतले नसल्याची भीती, असं सगळं एकाच वेळी आलं. सासूबाई भिंतीला टेकून थरथरत होत्या.

"अवो, का होऊन राहिलं तुले?" त्यांनी विचारलं. "ताप आला का?"

"नाही माय."

"कोनी काई बोललं का?"

"नाही माय."

"मंग काऊन पडून होती भर दुपारी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. 'थकले' म्हणायचं तोंडावर आलं होतं, पण सांगितलं ना, तो प्रकार आमच्याकडे नाही. काहीतरी भारदस्त कारण हवं होतं. मग मी, जे मरेपर्यंत कुणाला सांगायचं नव्हतं, ते दहा माणसांसमोर सांगून टाकलं.

"माय, मी संकल्प केला हाय. रोज तीन वाजता अर्धा तास पडून राहायचा."

सासूबाईंचं थरथरणं थांबलं. त्यांच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली. ती चमक मी ओळखते. ती आली की घरात कार्य निघतं.

"संकल्प!" त्या म्हणाल्या. "कोन्या महाराजाले इचारून केला?"

"मनातल्या मनात केला."

"मनातल्या मनात? हातात पानी घेतलं?"

"नाही."

"अक्षता? सुपारी?"

"नाही माय, योगाचा संकल्प हाय तो. त्याले पानी नाही लागत."

"पानी सोडल्याबिगर संकल्प होते का कधी?" त्यांनी नवऱ्याकडे वळून हुकूम सोडला, "का गा, उभा काऊन हायस? जाय, महाराजाले बोलाव."

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. आमच्याकडे संकल्प म्हटला की ताम्हण निघतं. हातावर पाणी, पाण्यात अक्षता, वर सुपारी, आणि ते पाणी एकदा सुटलं की देव आणि गाव दोघं साक्षीदार. मग व्रत, नियम, आणि शेवटी उद्यापनाचं जेवण. उद्यापन झालं नाही तर संकल्प अंगावर राहतो, असं सासूबाई मानतात. रश्मी मॅडमच्या वर्गात यांतलं काहीच नव्हतं. तिथं फक्त चटई होती.

महाराज, म्हणजे आमचे भटजी, दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पाटावर बसले, देशकालाचा उच्चार केला, वैनगंगेचं नाव घेतलं, तिथी-वार-नक्षत्र सांगितलं, आमचं गोत्र विचारलं, आणि मग माझ्या ओंजळीकडे बघून म्हणाले, "हं, संकल्प कशासाठी?"

मी सासूबाईंकडे बघितलं.

"झोपेसाठी," नवरा म्हणाला. (माणूस खरा आहे. त्याचा हाच त्रास आहे.)

सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो उठून म्हशींना पाणी दाखवायला निघून गेला. "कुटुंबाच्या सुखशांतीसाठी," त्या ठणकावून म्हणाल्या.

महाराजांनी ते मंत्रात घातलं आणि माझ्या हातून पाणी सुटलं. माझा अर्धा तास पाण्याबरोबर ताम्हणात पडला आणि कुटुंबाची सुखशांती होऊन बाहेर आला.

विधी महाराजांनी साधाच सांगितला. अकरा दिवस रोज तीन वाजता अर्धा तास मौन धरून निजायचं. त्याआधी डोक्यावरून आंघोळ. निजायची जागा रोज सारवायची. सभोवती रांगोळी, उशाशी समई, पायाशी काही नाही. त्या दिवसांत कांदा-लसूण नाही आणि नैवेद्य मात्र ताजा. मी मनात हिशेब केला, तर अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तयारी पावणेदोन तासांत आटोपत होती. म्हणजे मला आता पहाटे चारऐवजी सव्वादोनला उठावं लागणार होतं.

"झेपेल ना?" महाराजांनी विचारलं.

"तिले का होते, पडून तं राहायचं हाय!" सासूबाई म्हणाल्या.

पहिले दोन दिवस मी रांगोळीच्या मधोमध पडून छताकडे बघितलं. ओल्या केसांनी मान गारठली होती आणि समईची वात सारखी करावीशी वाटत होती. तिसऱ्या दिवसापासून बायका यायला लागल्या. अकरा दिवस दुपारी तीनला मौन धरून निजणारी बाई मुर्रीत याआधी झाली नव्हती. त्या यायच्या, हळद-कुंकू वाहायच्या आणि भिंतीशी बसून माझ्याकडे बघायच्या. कुणी आपल्याकडे एकटक बघत असताना झोपायचा प्रयत्न करून बघा कधी. नाकाला खाज सुटते, आणि व्रतात नाक खाजवायला परवानगी आहे का, हे मी महाराजांना विचारलेलं नव्हतं.

अर्ध्या तासानं मी उठले की त्या सगळ्यांचा चहा.

चौथ्या दिवशी शेवंताकाकूंच्या ध्यानात आलं, की मी मौनात आहे म्हणजे मला नाही म्हणता येत नाही. त्या माझ्या कानाशी येऊन बसल्या.

"वनिता, तीन पीस आनले हायत. अस्तराचे. मंगळवारपर्यंत देशीन ना?"

मी मौन.

"हो म्हनली वो!" काकूंनी जाहीर केलं.

बस्स! त्या दिवसापासून लोक आपली कामं घेऊन तीनच्या ठोक्यालाच यायला लागले. अर्ध्या तासाच्या शांततेत मी अकरा ब्लाऊज कबूल केले, मिक्सर उसना दिला, बचत गटाची सचिव झाले आणि एका अनोळखी बाईच्या मुलीला शिवण शिकवायचं मान्य केलं. सहाव्या दिवशी नवराच येऊन रांगोळीबाहेर उकिडवा बसला.

"ऐक ना, सौंदडले एक म्हैस हाय इकाऊ. चांगली हाय. घेऊन टाकू का?"

मी डोळे मिटूनच सगळा राग भुवयांत आणला.

"काई म्हनून नाही राहिली," तो सासूबाईंना म्हणाला. "म्हनजे चालते."

सातव्या दिवशी तिसरी म्हैस दारात. तिला नव्या जागेत करमत नव्हतं, त्यामुळे ती दुपारी तीन ते साडेतीन हंबरायची.

आठव्या दिवशी माझी नणंद सुलोचनाबाई आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावहून एसटीनं आल्या. वहिनीचं मोठं व्रत, हातभार लावायला आल्या. हातभार असा, की त्या खाटेवर बसून विचारायच्या, "वैनी, काई करू का मी?" आणि मी काही सांगेपर्यंत त्यांचा फोन वाजायचा. त्यांना चहात आलं लागतं, आणि रात्री भात चालत नाही.

त्याच दिवशी रश्मी मॅडम मला शोधत घरी आल्या. आठ दिवस मी वर्गालाच गेले नव्हते. सहा वाजता माझं सारवण चालायचं. त्यांनी रांगोळी बघितली, समई बघितली, भिंतीशी बसलेल्या चौदा बायका बघितल्या, आणि सगळं ओळखलं.

"वनिताजी, आपने बता दिया ना?"

"हो मॅडम."

त्यांनी सुस्कारा सोडला. "अब कैसा लग रहा है?"

"थकान लग रही है मॅडम."

"थकान को भी साक्षीभाव से देखिए."

"देखूनच राहिली मॅडम," मी म्हटलं. "मी तिच्याकडे देखून राहिली, अन ती माझ्याकडे."

मॅडम हसल्या नाहीत. जाताना त्यांनी माझा हात धरून ठेवला, जरा जास्तच वेळ. मला रडू येईल की काय असं वाटलं, पण तेवढ्यात सुलोचनाबाईंनी आलं कुठं ठेवलं आहे ते विचारलं.

मग आला अकरावा दिवस. उद्यापन. दारात मांडव, मांडवात चुली, चुलींवर कढया. सासूबाईंनी आधी फक्त भावकी म्हटली होती. पण भावकीला सांगितलं तर शेजाराला कसं सोडायचं, शेजाराला सांगितलं तर वर्गातल्या बायकांना कसं सोडायचं, असं करत करत आकडा एकशे ऐंशीवर गेला. मी आदल्या दिवशी संध्याकाळी डाळ भिजवली तेव्हापासून बसलेच नव्हते. सकाळपासून वाटण, पीठ, पाणी, पाहुणे. पाय आपोआप चालत होते. एकदा तर मी उभ्या उभ्या कढीत पळी फिरवता फिरवता झोपले आणि पळी फिरतच राहिली.

"आज चुकवायचं नाही बरं," महाराज सकाळीच सांगून गेले होते. "आजचा अर्धा तास शेवटचा. मध्ये मौन मोडलं, तर पुन्हा पहिल्यापासून अकरा दिवस."

पुन्हा अकरा दिवस!

तीन वाजता सासूबाईंनी मला चुलीपासून ओढत नेलं. आज मांडवातच जागा केली होती, सगळ्यांना दिसावं म्हणून. मी पडले. चारी बाजूंनी बायका, मागे पुरुष, समोर नवरा मोबाइल उभा धरून. महाराजांनी घंटी वाजवली. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, फक्त अर्धा तास. एवढा काढला की सुटले.

आणि खरं सांगते, अकरा दिवसांत पहिल्यांदाच मला झोप आली. पापण्यांवर हळूच येऊन बसली. हात जड झाले. माणसांचे आवाज लांब गेले. म्हैस हंबरायची थांबली. मी अगदी काठावर होते, एक पाय आत टाकला होता...

आणि मला करपल्याचा वास आला.

मी स्वतःला सांगितलं, साक्षीभाव. वास वाढला. सुलोचनाबाईंना वड्यांच्या कढईपाशी उभं केलं होतं, आणि त्या फोनवर बोलत होत्या. मला डोळे मिटूनसुद्धा ते दिसत होतं. साक्षीभाव, वनिता, साक्षीभाव! एकशे ऐंशी माणसं, आणि डाळ सगळी संपलेली...

"बाई, वडे करपून राहिले ना!" मी गर्जना केली.

मांडव हादरला. सुलोचनाबाईंचा फोन हातातून सुटला. (कढईत नाही पडला. शेजारच्या पिठात पडला.) मी उठून बसले होते, रांगोळी पदराला लागली होती, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

"मौनभंग," महाराज म्हणाले. "पुन्हा अकरा दिवस."

मी रडायला लागले. रडणं म्हणजे शोभेसं डोळे पुसणं नव्हे, लहान मुलासारखं तोंड वासून. "मले झोपायचं होतं!" मी म्हणत होते. "सुखशांती नको, काई नको! मी थकली होती. मले फक्त अर्धा तास पडायचं होतं, कोनी आवाज नाही द्यायचा, बस्स, एवढंच होतं!"

नवऱ्यानं मोबाइल खाली घेतला. शेवंताकाकू आपल्या नव्या ब्लाऊजच्या बाहीकडे बघत बसल्या.

सासूबाई पुढे आल्या. "तं पहिल्याच दिवशी सांगायचं ना वो."

"सांगितलं असतं तं पडू देल्लं असतं का?"

सासूबाईंनी विचार केला. त्या काहीही असोत, खोटं बोलत नाहीत. "नाही," त्या म्हणाल्या.

महाराजांनी घसा खाकरला. "तरीपण व्रत मोडलं आहे. अंगावर ठेवता येणार नाही."

"घरातल्या कोनीबी पुरं केलं तं चालते का?" सासूबाईंनी विचारलं.

"चालतं."

"मंग मी करीन," त्या म्हणाल्या. "वाढा आता. लोक उपाशी हायत."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता सासूबाई मधल्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. रांगोळी नको म्हणाल्या, समई नको म्हणाल्या. "ते तुझ्या मॅडमचं सांग. कसं पडायचं ते."

मी चटई टाकली. त्या अवघडून पडल्या, दोन्ही हात पोटावर घट्ट धरून. मी रश्मी मॅडमसारखा आवाज काढायचा प्रयत्न केला. "माय, पायाचा अंगठा सैल सोडा."

"सोडला."

"आता टाचा. आता गुडघे..." मी कमरेपर्यंत पोचले आणि उत्तर यायचं बंद झालं. सासूबाई झोपल्या होत्या.

मी त्यांच्याकडे बघत बसले. लग्न होऊन मला सव्वीस वर्षं झाली. या बाईला मी उजेडात झोपलेली कधी पाहिली नव्हती. टाचांच्या भेगांत अजून बांधीचा चिखल होता, धुऊनही न जाणारा. तोंड किंचित उघडं पडलं होतं, आणि कपाळावरची ती कायमची आठी कुठं गेली होती कुणास ठाऊक. माझ्या आधी कितीतरी वर्षं यांच्यासाठीही तो तिसरा प्रकार नव्हताच. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्यांच्या अंगावर मी शाल घातली.

मग मी राखण करायला बसले. शेवंताकाकू पीस घेऊन आल्या, त्यांना खिडकीतूनच हातानं परत पाठवलं. नवरा चहा मागायला आला, त्याला चुलीची दिशा दाखवली. तो दहा मिनिटांनी विचारायला आला, की साखर कोणत्या डब्यात असते. नवी म्हैस हंबरायला लागली, तेव्हा मी पळत जाऊन तिच्यापुढे वैरण टाकली आणि पळत परत आले. अर्धा तास झाला. मी उठवलं नाही. तास झाला. मी पदरानं माश्या वारत राहिले. बसून बसून माझीच कंबर मोडली, पण मन कसं भरून आलं होतं! वाटलं, या उठतील, माझ्याकडे बघतील, काहीतरी बोलतील. सव्वीस वर्षांत न बोललेलं काहीतरी.

साडेचारला सासूबाईंनी डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं. मग खिडकीतल्या उन्हाकडे. मग माझ्याकडे. चेहरा असा टवटवीत, जणू दहा वर्षांनी लहान झाल्या होत्या.

"तू तवापासून इथंच बसून हायस?"

"हो माय," मी म्हटलं.

"काऊन वो?" त्या म्हणाल्या. "घरात काम नाही का तुले?"

मी उठले. मोरीवर जाऊन भांडी घासायला घेतली. एवढ्या साधनेनं माझी आध्यात्मिक प्रगती नेमकी किती झाली, ते प्रामाणिकपणे सांगते : त्या दिवशी मी भांडी आपटली नाहीत. एक कढई सोडून.